सत्तावीस नंबरचा खिसा

३ तारीख, मंगळवार, सकाळ

प्रिय बटण्या,

हे पत्र तुझ्या धुतलेल्या शर्टाच्या खिशात घालून पाठवतेय. वाच, नाहीतर नाक पूस, पण फेकू नकोस. कागद बरा आहे.

कसं कळलं ते आधी सांगते, म्हणजे मी नऊ वर्षं तुझ्या मागावर होते असं समजून फुगायला नको. डोंगरावरचा वणवा विझवायला ज्या तुकड्या आल्या आहेत, त्यांचे कपडे धुवायचं काम आपल्या लाँड्रीकडे आलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी टेंपो येतो, मळके कपडे टाकतो आणि आधीचे धुतलेले घेऊन जातो. गेल्या शुक्रवारी पहिला ढीग आला. साठ शर्ट, साठ पँटी, प्रत्येकावर नंबर आणि सगळ्यांना एकच वास. मी काऊंटरवर घेतानाच एकेक खिसा बघत होते. बाबांची पाटी अजून भिंतीवर आहे, ‘आधी खिसा, मग पाणी’. शिट्ट्या निघाल्या, चघळलेली पेन्सिल निघाली, कुणाच्या तरी बाळाचा फोटो निघाला, एका महाभागाची अर्धी कवळी निघाली!

मग सत्तावीस नंबर हातात आला आणि माझा हात दुसऱ्या बटणावर थांबला. कारखान्याचं बटण मशीनने टाचलेलं असतं, जरा ओढलं की हातात येतं. हे हाताने लावलेलं होतं. मधून फुली, आणि खाली दोऱ्याचे पाच वेढे. सहा नाही, चार नाही. असे पाच वेढे देणारी जगात तीन माणसं होती. त्यातले बाबा गेले, आणि एक बाई हे पत्र लिहितेय.

टेंपोवाल्याला विचारलं, “हा सत्तावीस नंबरवाला कसा आहे दिसायला?”

तो म्हणाला, “उंच. डाव्या भुवईवर खूण आहे. जेवताना तोंड बंद नसतं.”

“खाण्यासाठी की बोलण्यासाठी?”

“दोन्हीसाठी, ताई.”

मग काय शंका राहिली? डॉक्टरच्या काळ्या कोटाचं बटण गिळणारं आपल्या घरातलं ध्यान ते हेच. चार वर्षांचा होतास. तीन दिवस तुझ्या मागे भांडं घेऊन मी फिरले होते आणि ते बटण काही सापडलं नाही. त्या कोटाला बाबांनी दुसरं बटण लावलं, आणि तुला हे नाव.

तू माझ्यापासून चौदा किलोमीटरवर आहेस आणि ते मला बटणावरून कळतं, ही काय अवस्था झाली रे आपली? वर फोनला रेंज नाही म्हणतात. असती तरी तुझा नंबर माझ्याकडे कुठे आहे? दोन ओळी लिही आणि मळक्या शर्टाच्या खिशात टाक. इथे खिसे बघितले जातात हे तुला मी सांगायला नको.

तुझी,
ताई

६ तारीख, शुक्रवार

प्रिय बटण्या,

आज तुझ्या शर्टाचे दोन्ही खिसे उलटे करून झटकले. मूठभर राख निघाली. ठीक आहे, हट्ट घराण्यातच आहे, तुला एकट्याला कशाला बोल लावू?

इथली खबर सांगते. गच्चीवर कपडे वाळत घालणं बंद केलं. परवा हॉटेलच्या पांढऱ्या चादरी घातल्या आणि तासाभरात त्यांची पार रया गेली. आता सगळं आत, पंख्याखाली. इस्त्रीवाल्या मावशी अजून आहेत, गुडघे गेले पण जीभ शाबूत आहे. धूर बघून म्हणाल्या, “एवढा धूर तर माझ्या सासूबाई चूल पेटवताना करायच्या, आणि वर आम्हालाच खोकू नका म्हणायच्या.” तू आहेस हे त्यांना सांगितलं तर तुझा शर्ट माझ्या हातातून ओढून घेतला आणि कॉलरला तीन वेळा इस्त्री फिरवली. वणवा विझवायला कडक कॉलर कशाला लागते, असं मी विचारलं. म्हणाल्या, “त्याला कळू दे, खाली कुणीतरी आहे.”

दुपारी चारला दिवे लावावे लागतात. सूर्य असतो, पण विटकरी. मी दर अर्ध्या तासाने शटरबाहेर जाऊन वारा बघते. आत्तापर्यंत मला वारा म्हणजे कपडे किती वेळात वाळतील एवढंच माहीत होतं. आता वारा तुझ्या बाजूला वाहतो की माझ्या, हेच बघते. माझ्या बाजूला असला की मला बरं वाटतं. मावशी म्हणतात, वेडी आहेस.

बाबांच्या वेळी जे झालं ते झालं. मी बोलले ते रागाच्या भरात. तूही समजून घ्यायला हवं होतंस. नऊ वर्षं म्हणजे अती झालं. जाऊ दे, आता उगाळत बसत नाही.

हातमोजे घालत जा. तुझ्या कफांवर डागांपेक्षा भोकंच जास्त आहेत.

ताई

१० तारीख, मंगळवार, दुपार

बटण्या,

कसं लिहू ते कळत नाही, तेव्हा सरळ लिहिते. तू उत्तर पाठवलं होतंस आणि मी ते धुतलं.

झालं असं. सकाळी रेडिओवर सांगितलं की वारा फिरलाय आणि वरच्या तुकड्यांना कड्याच्या पलीकडे हलवलंय. त्याच वेळी टेंपो आला. मी ढीग सोडला आणि आधी सत्तावीस नंबर शोधून काढला. सापडला तेव्हा जिवात जीव आला. इतका धुराचा वास येत होता त्याला! मी तो छातीशी धरला आणि काऊंटरवर न ठेवता तसाच मागे नेला. म्हटलं, हा काही साठांबरोबर मशीनमध्ये नाही घालायचा, हा मी हाताने धुणार. बादलीत बुडवला, साबण लावला, चोळला. रडत होते, ते पण लिहिते. मग पाण्यावर पांढरं काहीतरी तरंगलं.

एकोणसाठ खिसे बघितले रे आज, आणि नेमका तुझा राहिला.

मावशींनी तो लगदा टॉवेलवर पसरला आणि कोमट इस्त्रीने वाळवला. दोन शब्द लागले. वर ‘ताई’, आणि बरंच खाली ‘वेढे’. मधे सगळी निळी शाई. मी भिंगाने बघितलं, उजेडात धरून बघितलं. काही नाही.

टेंपो तोवर निघून गेला होता.

आता हे ऐक. मागच्या पत्रात ‘जे झालं ते झालं’ असं लिहिलं ना, ते खोटं होतं. मला पुढचं लिहायचं नव्हतं म्हणून ते लिहिलं.

घशाच्या ऑपरेशननंतर बाबा बोलू शकत नव्हते, चिठ्ठ्या लिहायचे, हे तुला आठवतंच. बाबा गेले त्या दिवशी हॉस्पिटलातून त्यांच्या कपड्यांची पिशवी मी आणली. मी ती तुझ्या हातात दिली आणि आत जाऊन पडले. तू दुपारभर काहीतरी करायला हवं म्हणून तो शर्ट धुतलास, स्टार्च केलास, दोरीवर टाकलास. दुसऱ्या दिवशी मी कागदपत्रं आणायला गेले तेव्हा नर्स म्हणाली, “शेवटची चिठ्ठी मिळाली का? तुम्हा दोघा मुलांना दे म्हणून खूण करून त्यांनी खिशात ठेवली होती.” मी धावत घरी आले. शर्ट वाळला होता आणि खिशात कागदाची गोळी होती.

मी तुला काय काय बोलले! तुझ्या हाताला लागलं ते नासतं म्हणाले. या दुकानाची पायरी पुन्हा चढू नकोस म्हणाले. तू एक शब्द बोलला नाहीस. पिशवी भरलीस आणि गेलास.

आणि नियम काय आहे रे आपल्या दुकानाचा? खिसा बघायचा तो कपडा घेणाऱ्याने. धुणाऱ्याने नाही. धुणाऱ्याचे हात ओले असतात, त्याने खिशात हात घालायचा नाही, म्हणून बाबा तुला दहाव्या वर्षी ओरडले होते. बाबांचा शर्ट हॉस्पिटलातून घेतला तो मी. म्हणजे खिसा बघायचा होता तो मीच. तू नियमाप्रमाणे वागलास.

हे मला केव्हा कळलं, विचारशील. तू गेल्यावर चौथ्या दिवशी. एका गिऱ्हाइकाचा कोट घेताना हात आपोआप खिशात गेला आणि माझी नजर पाटीवर गेली. त्याला नऊ वर्षं झाली. तुला शोधून सांगायला लाज वाटली, आणि मग लाजेवर दिवस चढत गेले. रोज पाटीखाली उभी राहते मी, आणि रोज तिच्याकडे पाठ करून.

चूक माझी होती. हे तुला कळलं पाहिजे. तू तिथे वर आगीसमोर उभा आहेस आणि तुझ्या मनात जर अजून असेल की बाबांचा शेवटचा शब्द तू बुडवलास, तर तो मीच बुडवला.

हे पत्र शुक्रवारच्या टेंपोने येईल. तोवर नीट राहा. राहशील ना?

ताई

१३ तारीख, शुक्रवार

बटण्या,

टेंपो आला नाही. आगीने घाटाचा रस्ता ओलांडलाय. तुझा शर्ट इस्त्री करून फळीवर आहे आणि पत्र त्याच्या खिशात आहे. दर दहा मिनिटांनी जाऊन बघते, जसं काही त्याला पाय फुटणार आहेत.

रेडिओवर म्हणाले, वरच्या एका तुकडीशी संपर्क नाही. कुठल्या, ते सांगत नाहीत. पोलिस ठाण्यात फोन केला. साहेब म्हणाले, “तुमचे कोण?” मी म्हणाले, “सत्तावीस नंबर.” आणि फोन ठेवून दिला.

ताई

१५ तारीख, रविवार

बटण्या,

आम्हाला हलवलं. गाडीवर कर्णा लावून सांगत फिरत होते, एक पिशवी घ्या आणि चला. मी हौदाचे सगळे नळ सोडले, मशीनं बंद केली, शटर ओढलं. पिशवीत काय घेतलं असेल सांग? बाबांची पाटी आणि तुझा शर्ट. स्वतःचा टूथब्रश राहिला. मावशींनी मात्र साडेतीन किलोची इस्त्री घेतलीय आणि उचलायला मला लावली.

नदीपलीकडच्या शाळेच्या हॉलमध्ये आहोत. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलीत. प्रत्येकाचं कुणी ना कुणी वर आहे. एका म्हाताऱ्या शिक्षकाचा मुलगा पाण्याच्या टँकरवर आहे. ते सगळ्यांना धीर देत फिरतात आणि मग कोपऱ्यात जाऊन चष्मा पुसतात. दारात कुणी आलं की सगळा हॉल उठून उभा राहतो.

मला तुझ्या मरणाची भीती वाटते. हे असं स्पष्ट कधी लिहिलं नसतं, पण आता लिहिते. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. तुझे केस मी विंचरले, तुझी नखं मी कापली, तुझ्या शाळेच्या शर्टाची बटणं मी लावली. आणि तुला घराबाहेर काढलं तेही मीच. माझ्या हातून एवढं सगळं झालंय, तेव्हा ‘चूक माझी होती’ हे शेवटचं मला तुझ्यासमोर म्हणू दे. मग हवं तर आणखी नऊ वर्षं बोलू नकोस. फक्त जिवंत राहून बोलू नकोस.

ताई

१६ तारीख, सोमवार, सकाळ

टेंपोवाला इथे पाणी भरायला आलाय! दुसऱ्या बाजूने, धरणाच्या रस्त्याने वर जातोय. मी शर्ट त्याच्या हातात दिला.

तो म्हणाला, “साठातला एकच?”

मी म्हणाले, “एकच. बाकीचे दुकानात अडकलेत.”

“आणि तो तिथे नसला तर?”

“तर परत घेऊन या. पण खिशाला हात लावू नका.”

त्याने शर्ट सीटच्या मागे टांगला, जमिनीवर टाकला नाही. माणूस चांगला आहे. ही चिठ्ठी आणि आधीच्या दोन घाईघाईने त्याच खिशात कोंबतेय. खिसा फुगलाय.

ताई

(सत्तावीस नंबरच्या मळक्या शर्टाच्या खिशातला कागद, प्लास्टिकच्या पिशवीत)

१७ तारीख, मंगळवार

ताई,

पेन्सिलीने लिहितोय. पेन्सिल पाण्यात जात नाही. शिवाय पिशवीत घालून दोनदा गाठ मारतोय, कारण तुझा भरवसा नाही.

पहिल्यांदा हे की मी ठीक आहे. आमचीच तुकडी होती ती. आग अडवायला झाडं तोडून मोकळा पट्टा पाडत होतो, वारा फिरला आणि आम्ही दोन दिवस खडकांमध्ये अडकलो. डावा हात थोडा भाजलाय. शर्टाची बाही बघून घाबरू नकोस, दिसतं तेवढं नाही. मला माहितीय, तू आधी बाहीच बघशील आणि खिसा नंतर.

तुझं दहा तारखेचं पत्र तुकडीला वाचून दाखवलं, मधला भाग गाळून. पत्र धुतलंस हे ऐकून एक जण इतका हसला की त्याची अर्धी कवळी पडली. तोच तो महाभाग. त्याने तुला नमस्कार सांगितलाय.

तू धुतलेल्या पत्रात काय होतं? पहिल्याच दिवशी टेंपोवाल्याने सांगितलं कपडे कुठे जातात ते. तेव्हा मी शर्टाचं चांगलं बटण तोडलं आणि पाच वेढे देऊन पुन्हा लावलं. म्हटलं, बघू ओळखते का. ओळखलंस. एवढंच लिहिलं होतं, आणि उत्तराला उशीर झाला म्हणून माफी. पहिलं पत्र आल्यावर तीन दिवस मी कोरा कागद घेऊन फिरत होतो.

आता नियमाचं. ताई, मला तो त्याच दिवशी आठवला होता. तू ओरडत होतीस तेव्हा ओठांवर आला होता, ‘पिशवी कुणी घेतली?’ पण तुझ्या एका हातात बाबांचा चष्मा होता आणि दुसऱ्या हाताने तू भिंत धरली होतीस. म्हटलं, हे आत्ता हिला सांगितलं तर ही उभी राहणार नाही. म्हणून गप्प बसलो आणि निघालो. लगेच साधूसंत समजू नकोस मला. स्टँडवर पोचेपर्यंत असा राग आला की तो बरीच वर्षं पुरला. अजून थोडा आहे. तो समोर येऊन काढणार.

आणि चिठ्ठीत काय असेल याचा मी खूप विचार केला. बाबांनी त्या महिन्यात चाळीसेक चिठ्ठ्या लिहिल्या असतील. ‘बॉयलर बंद केला?’ ‘मशीनचा पट्टा बदला.’ ‘हॉटेलच्या चादरी मोजून घ्या.’ एकीतही आपल्याबद्दल गोड शब्द नव्हता. माझी खात्री आहे, ताई, त्या शेवटच्या चिठ्ठीत ‘खिसे बघा’ असंच लिहिलेलं होतं.

हात बरा होईपर्यंत सुट्टी दिलीय. शनिवारी सोडतील. दुकान आहे का उभं?

बटण्या

२१ तारीख, शनिवार, दुपार

प्रिय बटण्या,

तू मागच्या खोलीत चादरींच्या ढिगावर आडवा पडून घोरतोयस, आणि मी काऊंटरवर बसून तुला पत्र लिहितेय. सवय लागली, काय करू?

बुधवारी तुझा शर्ट आला तेव्हा मी आधी खिसाच बघितला. बाही नंतर. हे मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण तू तोंडावर कबूल करणार नाहीस. तुझा कागद मावशींना वाचून दाखवला. बाबांच्या चिठ्ठीपाशी आले तेव्हा आम्ही दोघी इतक्या हसलो की हॉलमधली माणसं बघायला लागली, आणि मग मला हुंदका आवरेना. त्या म्हाताऱ्या शिक्षकांनी पाणी आणून दिलं. त्यांचा मुलगाही काल खाली आला.

मागची शेड जळली, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या गेल्या, पण दुकान उभं आहे. पाटी परत ठोकली. सगळ्यावर राख आहे, पुसायला आठवडा जाईल. तुझा एक हात धड आहे, तेव्हा तू सुटणार नाहीस.

सकाळी तू आलास तेव्हा मी काय काय बोलायचं ठरवलं होतं! आठ दिवस वाक्यं पाठ करत होते. आणि तू पायरीवर थांबलास. चढेनास. मग माझ्या लक्षात आलं तू का थांबलास ते. मी म्हणाले, “ये रे वर.” तू आलास, गिऱ्हाइकासारखा काऊंटरपुढे उभा राहिलास, पिशवीतून तुझा दुसरा, मळका शर्ट काढलास आणि माझ्यापुढे ठेवलास.

“घे,” म्हणालास. “तू घेतेयस, तेव्हा तूच बघ.”

मी म्हणाले, “चूक माझी होती.” एवढंच आलं, बाकीची वाक्यं विसरले. तू म्हणालास, “हो, होती. खिसा बघ.”

मी हात घातला. आत एक बटण होतं. काळं, कोटाचं, दोन भोकांचं.

“हे कुठलं रे?”

“गिळलेलं,” तू म्हणालास. “आत्ता कुठे निघालं.”

मेल्या! डोंगरावर काळं बटण शोधायला किती जणांचे कोट उसवलेस, ते उठल्यावर सांग.

जेवण झाकून ठेवलंय. हाताची पट्टी संध्याकाळी बदलायची आहे, मावशींना बदलू देऊ नकोस, त्या इस्त्रीच्या जोराने बांधतात. ते काळं बटण मी तुझ्या धुतलेल्या शर्टाला गळ्यापाशी लावलंय, तिथलं तुटलं होतं. शोभत नाही, पण राहू दे. पाच वेढे दिलेत.

हे पत्र त्याच शर्टाच्या खिशात ठेवतेय. उठलास की घालायच्या आधी बघ.

तुझी,
ताई